गाडी डावीकडे जाते

४ जुलै, शुक्रवार

आज त्या माणसाच्या तोंडावर जे बोलता आलं नाही, ते सगळं अजून घशात अडकलंय, म्हणून लिहायला बसले. ऑफिसात ओरडता येत नाही. बँकेत कंप्लायन्सला आहे, तिथे लोक मला शांत समजतात. घरात आवाज चढला की जाई कानातले इअरफोन न काढताच म्हणते, "आई, व्हॉल्यूम." सोळा वर्षांची कार्टी आईचा आवाज कमी करायला निघालीय! मग इथे तरी ओरडू दे.

नवी गाडी आहे आमची, मे महिन्यात घेतलेली. इतकी वर्षं सिंगापुरात आम्ही बस आणि एमआरटीच्या ट्रेनवर खुशाल काढली. पण जाईची शाळा क्लेमेंटीला आणि आम्ही राहणार पासिर रिसला, म्हणजे बेटाच्या दोन टोकांना. पोरीला पहाटे अंधारात निघावं लागायचं. शेवटी घेतली गाडी. सकाळी अश्विन तिला सोडतो आणि तसाच पुढे ऑफिसला जातो. मला लायसन्स आहे, पण मी आपली वसाहतीत नाहीतर फार तर मार्केटपर्यंत चालवते. एक्स्प्रेसवेवर जायची माझी हिंमत होत नाही.

तर या नव्या कोऱ्या गाडीत पुढे डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचतं. कार्पेट ओलं, वर कुबट वास. अश्विनला म्हटलं, "वास येत नाही तुला?" तर म्हणे, "मला नाही बाई येत." त्याला काहीच खटकत नाही, हा तर लग्नापासूनचा प्रश्न आहे. गाडीच्या कंपनीच्या उबीमधल्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे डेस्मंड म्हणून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना जेल. गाडीचं दार न उघडता म्हणाला, "मॅडम, अम्ब्रेला." म्हणजे आम्ही ओली छत्री गाडीत ठेवतो म्हणून पाणी! वॉरंटीत बसत नाही म्हणे. मी म्हटलं, छत्री रोज ओली असेल तर मला छत्रीचीच वॉरंटी दे. त्याला कळलं नाही. माझं डोकं अजून ठणकतंय.

७ जुलै, सोमवार

जिंकले!

अर्धी रजा टाकून गेले. डेस्मंडला म्हटलं, तू बस पुढे, बूट काढ, पाय कार्पेटवर ठेव. मी एसी लावते. आपण दोघं गप्पा मारू. तो हसायला लागला. म्हटलं, हसू नकोस, बस. बसला. मी त्याला त्याच्या घरचं विचारलं, त्यानं मला पुण्याच्या हवेचं विचारलं, आणि थोड्या वेळानं त्यानं हळूच पाय उचलून बघितला तर मोजा चिंब. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. एसीची पाणी जायची नळी कारखान्यातच नीट बसवलेली नव्हती. दुरुस्त केली, पण "सॉरी" नाही म्हणाला मेला. म्हणाला, "व्हेरी रेअर केस, मॅडम."

घरी येऊन अश्विनला रंगवून सांगितलं. मला वाटलं, खो खो हसेल. नुसता "बरं झालं" म्हणाला आणि लॅपटॉपमध्ये डोकं. याच्यासाठी मी आयुष्यभर भांडत आलेय. घरमालकाशी, विमान कंपनीशी, जाईच्या शाळेशी. हा इतका भिडस्त की रेस्टॉरंटमध्ये चुकीचं जेवण आलं तरी मुकाट्यानं खाईल. निदान मोज्याला तरी हस की रे.

१९ जुलै, शनिवार

आता स्टिअरिंग.

ईस्ट कोस्टला माझ्या मैत्रिणीकडे, राधिकाकडे जेवायला गेलो होतो. येताना ईसीपी एक्स्प्रेसवेवर गाडी आपोआप डावीकडे सरकायला लागली. ठळक पांढऱ्या रेषेवर गेलो, गाडीनं बीप बीप करून बोंब ठोकली, मागच्या लॉरीवाल्यानं हॉर्न दाबून धरला. अश्विननं हिसका देऊन गाडी लेनमध्ये आणली. जाई मागे बसली होती.

"काय झालं?" म्हणून ओरडले. तो म्हणाला, "गाडी डावीकडे ओढतेय बहुतेक."

"बहुतेक काय? ओढते की नाही?"

"ओढते."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

झाले काही दिवस! म्हणजे पोरीला मागे बसवून रोज हा पीआयई एक्स्प्रेसवेवरून बिघडलेल्या स्टिअरिंगची गाडी हाकतोय आणि घरी चकार शब्द नाही. सर्व्हिस सेंटरला फोन करायला याला भीड पडते. मी उद्याच बघते त्यांच्याकडे. एसीच्या पाण्यानं फार तर पाय भिजतात, स्टिअरिंगनं माणसं मरतात.

२३ जुलै, बुधवार

अपॉइंटमेंट थेट ऑगस्टच्या मध्यावर. म्हटलं, अहो, स्टिअरिंग आहे, रेडिओ नाही. फोनवरची मुलगी म्हणाली, "फुल्ली बुक्ड, मॅडम." तोवर गाडी कशी चालवायची? "ड्राइव्ह केअरफुली." दुसरी गाडी द्या तात्पुरती. ती फक्त अपघात झालेल्यांना देतात. म्हणजे आधी आपटून या!

अश्विनला म्हटलं, तोवर जाई एमआरटीनं जाऊ दे. त्यानं इतक्या पटकन "हो" म्हटलं की मला बरं वाटलं. तो स्वतःही बसनं जातोय. गाडी खाली मल्टिस्टोरी पार्किंगमध्ये उभी.

१० ऑगस्ट, रविवार

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. काल नॅशनल डेची विमानं डोक्यावरून गेली, ते जाईनं त्यांना दाखवलं. मग फोन अश्विनकडे गेला. सासूबाई जरा बोलल्या आणि मध्येच म्हणाल्या, "अश्विन, असा काय रे तुझा चेहरा? हसत नाहीस हल्ली. जेवतोस ना नीट?"

आता यात जेवणाचा काय संबंध? बाण कुणाला मारला ते मला बरोबर कळतं. मी फोन घेतला आणि म्हटलं, आई, तुमच्या लेकाला जेवायला घालायचं मी बंद केलेलं नाही, त्याला गाडीची काळजी लागलीय. "गाडीमुळे कुणाचा चेहरा असा होतो का गं?" म्हणाल्या. पुण्यात बसून सगळं दिसतं यांना.

अश्विन म्हणाला, "जाऊ दे ना." याच्या "जाऊ दे"वर मी एक दिवस पेटणार आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

"नो फॉल्ट फाउंड."

हे तीन शब्द ऐकायला इतके दिवस थांबले. डेस्मंड म्हणतो टायरमध्ये हवा कमी होती, हवा भरली, गाडी सरळ जाते. मी विचारलं, चालवून कुठे बघितलीत? तर वर्कशॉपभोवती फेरी मारली म्हणे. अहो, उबीच्या गल्लीत ताशी तीसनं हातगाडीसुद्धा सरळ जाते! एक्स्प्रेसवेवर न्या. "तसं आमच्या प्रोसिजरमध्ये नाही."

वर ड्रायव्हरच्या सीटवर ग्रीसचा पंजा उमटवून दिलाय. फिकट रंगाची सीट. दाखवलं तर म्हणाला, आधीपासून असेल. मी म्हटलं, आमच्या घरात कुणाचा पंजा एवढा नाही, घे, मापून बघ माझा. तिथली रिसेप्शनिस्ट तोंड फिरवून हसली.

गाडी मीच चालवत आणली, आतल्या रस्त्यांनी. अगदी सरळ आली. पाहुण्यांसमोर गुणी होणाऱ्या पोरासारखी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अश्विननं पुन्हा गाडी न्यायला सुरुवात केली आणि आठवड्याच्या आत पुन्हा तेच. जाईनंच तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये सांगितलं. "बाबा ऑलमोस्ट हिट द कर्ब, लाह." अश्विन मान खाली घालून चहा पीत होता. "हो, ओढली," म्हणाला.

मग पुन्हा उबी. पुन्हा डेस्मंड. आता म्हणतो, आम्ही बाहेरून आणलेलं पायाखालचं मॅट सरकून पेडलला लागत असेल. मॅटचा आणि डावीकडे जायचा काय संबंध? मग म्हणतो, रस्त्याला उतार असतो, मॅडम, पावसाचं पाणी वाहून जायला. म्हणजे आता सिंगापूर सरकारनं रस्ते वाकडे बांधलेत! बाकीच्यांच्या गाड्या काय मग नाल्यात जातात? आधी छत्री, मग हवा, मग मॅट, मग रस्ता. गाडी सोडून जगातली प्रत्येक वस्तू याच्या यादीत आहे.

येताना राधिकाला फोन केला, तासभर बडबडले. ती म्हणाली, चैत्राली, तुला या भांडणात मजा येतेय. मजा कसली? मला पोरगी धडधाकट घरी यायला हवीय, बास.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती आले. दीड दिवसाचे, आज संध्याकाळी बादलीत विसर्जन झालं. दरवर्षीसारखे उकडीचे मोदक अश्विनकडे. लग्नाआधीपासून त्याचाच मान. मला पाच पाकळ्यांचा लाडू जमतो, तो एकवीस कळ्यांचा मोदक हातावर असा फिरवतो की राधिकाची आई म्हणते, मुलीच्या जन्माला यायचास. महाराष्ट्र मंडळातले लोक त्याच्या मोदकांसाठी आमच्याकडे दर्शनाला येतात हे मला माहीत आहे.

काल पहिल्यांदाच जमेना. पारी फाटायची. कळी धरायला जायचा आणि बोटं एकमेकांत अडकायची. दोन वाया गेले, तीन वाया गेले. मी म्हटलं, पीठ खराब आहे, लिटिल इंडियातल्या त्या दुकानदारानं जुनं पीठ गळ्यात मारलं, उद्या जाऊन त्याला झापते. अश्विन "हो, पीठच" म्हणाला. शेवटी जाईनं साचा काढला. प्लॅस्टिकचा. आमच्या घरात साच्याचे मोदक! नैवेद्य दाखवला आणि मला दुकानदाराचा असा संताप आला की आरतीत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

अश्विन बाल्कनीत जाऊन उभा राहिला. पाहुणे विचारत होते. म्हटलं, गाडीचं टेन्शन आहे त्याला. खरंच आहे. त्या डेस्मंडनं माझ्या घरातला सण खाल्ला.

३ सप्टेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहूनच ठेवते.

तिसरी खेप. अश्विनही आला होता, गाडी त्याच्या नावावर म्हणून. त्यानं सही केली तर रिसेप्शनवरची ती पोरगी म्हणते, "सर, ही सही खरेदीच्या वेळच्या सहीशी जुळत नाही, फार बारीक आहे, पुन्हा करा." त्यानं पुन्हा केली. आणखी बारीक झाली. मी म्हटलं, अगं, माणूस समोर उभा आहे, सही काय बघतेस! तोवर डेस्मंड आला. स्टिअरिंग, अलाइनमेंट, सेन्सर सगळं ओके म्हणाला. आणि मग खांदे उडवून म्हणाला, "मॅडम, नॉट द कार. मेबी सर'स हँड. ड्रायव्हिंग हॅबिट."

तळपायाची आग मस्तकात गेली. छत्रीपासून सुरू झालास, आता माझ्या नवऱ्यापर्यंत आलास? याचं पंचवीस वर्षांचं लायसन्स आहे, एक ओरखडा नाही. लोणावळ्याच्या घाटात रात्रंदिवस गाडी चालवलेला माणूस आहे हा! तुला हात दिसले याचे? सगळं शोरूम वळून बघत होतं. मी म्हटलं, आता मी वर जाणार. मुख्य ऑफिसला, ग्राहक संघटनेला, वर्तमानपत्राला.

अश्विन बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिला. कुणी आपल्याला तोंडावर वाईट ड्रायव्हर म्हणतं आणि हा एक अक्षर बोलत नाही! गाडीत बसल्यावर म्हटलं, "अरे, तुला राग येत नाही?"

"येतो."

"मग दिसत का नाही?"

त्यानं किल्ली माझ्याकडे सरकवली. गाडी मीच चालवली.

११ सप्टेंबर, गुरुवार

जाईच्या कपाळाला टेंगूळ आलंय.

उशीर झाला म्हणून ती आज पुन्हा गाडीनं गेली होती. पीआयईवर गाडी डावीकडे गेली, अश्विननं ब्रेक मारला, जाई वाकून बॅगेत काहीतरी शोधत होती, पुढच्या सीटवर आपटली. मागून काही आलं नाही हे आमचं नशीब. तिला शाळेतून आणायला गेले तर एकदम लहान झाली होती, माझा हात सोडेना. "आई, आय डोन्ट वॉन्ट टू सिट इन दॅट कार," म्हणाली. मराठीत म्हण म्हटलं, तर रडायला लागली.

अश्विन संध्याकाळी घरी आला तो तिच्या खोलीच्या दारात उभा. आत गेला नाही. मला म्हणाला, "गाडी परत करून टाकू. नकोच."

परत? आणि त्यांना सुटू देऊ? माझ्या पोरीच्या कपाळावर टेंगूळ आणून ते "नो फॉल्ट फाउंड" म्हणणार आणि मी गाडी विकून गप्प बसणार? मुख्य ऑफिसला मेल गेलीय, आफ्टर-सेल्स मॅनेजर मिसेस लिमनी भेटीची वेळ दिलीय. सव्वीस तारीख. पुरावा घेऊन जायचं. मी कॅमेरा मागवलाय, दोन भिंगांचा, एक बाहेर रस्ता टिपतं, एक आत स्टिअरिंग. गाडी ओढते ते दिसलंच पाहिजे.

२० सप्टेंबर, शनिवार

सापडली!

अश्विन तयार नव्हता. "मला नाही चालवायची आता," म्हणाला. म्हटलं, फक्त एकदा. जाईला घेणार नाही, मी शेजारी बसते, ईसीपीवरून जाऊ आणि येऊ. तू नाही चालवलीस तर ती ओढणार कशी, माझ्या हातात ती मेली शहाण्यासारखी वागते. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग किल्ली घेतली. नाही म्हणता येत नाही त्याला, कधीच आलं नाही.

शनिवार सकाळ, रस्ता मोकळा. जाताना काही नाही. येताना, फोर्ट रोड सोडल्यावर, सरकायला लागली. हळूहळू, डावीकडे. बीप. मी आनंदानं ओरडले, "ओढली! ओढली!" अश्विन घामानं निथळत होता. म्हटलं, बास, झालं काम, आता सावकाश चल.

फोनवर बाहेरच्या भिंगातलं बघितलं. पांढरी रेषा कशी चाकाखाली येते ते स्वच्छ दिसतंय. आता बघू डेस्मंड काय म्हणतो. जाईला दाखवायला गेले, ती म्हणाली नंतर. अश्विन झोपलाय. हल्ली दुपारी झोपतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिता येईल की नाही माहीत नाही. तरी लिहिते.

वरच्या मजल्यावर मीटिंग रूम, अश्विन माझ्या शेजारी. मिसेस लिम, डेस्मंड, आणि आणखी एक टायवाला. भिंतीवर मोठा टीव्ही. मी तोंडपाठ करून गेले होते. छत्रीपासून सगळं काढलं. मोजा काढला. पंजा काढला. टेंगूळ सांगितलं तेव्हा मिसेस लिमचा चेहरा पडला, आणि मला बरं वाटलं. मग म्हटलं, आता हे बघा.

टीव्हीवर दोन्ही भिंगांतलं शेजारीशेजारी लागलं. मी फक्त रस्त्याकडे बोट दाखवत होते. ही रेषा. ही गाडी. आता बघा, आता, आता.

मिसेस लिम त्या रेषेकडे बघतच नव्हत्या. डेस्मंडसुद्धा. ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं तो टेबलाकडे बघत होता. मला वाटलं, हरले. मग मी त्या दुसऱ्या चौकोनाकडे बघितलं.

स्टिअरिंगवर एकच हात होता. उजवा. डावा मांडीवर पडला होता आणि त्याचा अंगठा बोटांवर घासत होता, सारखा, सारखा, काहीतरी चुरगाळत असल्यासारखा. मग गाडी सरकायला लागली. तो डावा हात उचलायला गेला. हात उठलाच नाही लगेच. उठायला इतका उशीर लागला की तेवढ्यात बीप वाजलं. आणि शेजारी मी, तोंडभर हसत, "ओढली! ओढली!" म्हणून टाळ्या वाजवत होते.

स्टिअरिंग कुणी ओढत नव्हतं.

मी तरी म्हटलं, "थांबा, पुन्हा लावते, नीट दिसलं नाही." आणि खरंच पुन्हा लावायला लागले. तेव्हा अश्विननं रिमोट माझ्या हातातून घेतला. मराठीत म्हणाला, "चैत्राली, पुरे. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"एप्रिलमध्ये डॉक्टरकडे जाऊन आलोय. पार्किन्सन्स आहे."

त्या तिघांना मराठी कळत नाही, पण तो शब्द कळला. मिसेस लिमनी पाणी पुढे केलं. मी त्या पाण्याकडे बघत बसले.

२७ सप्टेंबर, शनिवार

एप्रिल! गाडी मे महिन्यात घेतली.

रात्रभर एक अक्षर बोलले नाही, सकाळी जाई ट्यूशनला गेली आणि मग मी बोलले. अख्खी बिल्डिंग ऐकत असेल. ऐकू दे. मी म्हटलं, तुला आजार झाला यावर मी रागावलेली नाही, त्यावर रडायचं ते मी नंतर रडेन. तू पोरीला मागे बसवलंस. माहीत असताना. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं आणि मी त्या लोकांच्या अंगावर धावून गेले, आणि तू दारात उभा राहून बघत होतास.

तो म्हणाला, सुरुवातीला हात चांगला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, गाडी चालवू शकता, फरक वाटला तर लगेच या. फरक वाटला तेव्हा गेलो नाही. "ईसीपीवर तू विचारलंस ना, काय झालं, तेव्हा गाडी ओढतेय हे तोंडातून निघून गेलं. मग तू भांडायला लागलीस."

"मग थांबवायचं मला!"

"गाडी वर्कशॉपला असली की मला चालवावी लागायची नाही. कारण विचारायचं नाही कुणी. मला वाटायचं, अजून थोडे दिवस तू अशीच भांडत राहा."

अजून थोडे दिवस! मी रजा काढत होते, घसा फोडत होते, डेस्मंडला शिव्या घालत होते, आणि हा आत बसून म्हणत होता, भांड बाई. मी हातातला पेला फेकला. नशिबानं स्टीलचा होता. आणि मी त्याला गेल्या शनिवारी जबरदस्तीनं स्टिअरिंगवर बसवलं, तेव्हाही नाही म्हणाला नाही. हा भिडस्तपणा आहे की काय आहे? बायकोला नाही म्हणायची भीड पडते म्हणून माणूस मरायला निघतो?

हे सगळं त्याला म्हटलं. तो ऐकत होता. चेहरा तसाच, लाकडासारखा. म्हटलं, काहीतरी दिसू दे रे तोंडावर! तर म्हणाला, "तेच दिसत नाही आता. त्या आजारातच आहे ते."

मग मी वाकून तो पेला उचलला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज हॉस्पिटलमध्ये दोघं गेलो. डॉक्टरबाई शांत बोलतात, पुढच्या वर्षांचं, औषधांचं, व्यायामाचं. गाडी बंद. औषधं लागू पडल्यावर त्यांच्याकडे चाचणी असते, तेव्हा बघू म्हणाल्या. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. वाद घालायच्या तयारीनं गेले होते. वाद घालावा असं ती बाई काही बोललीच नाही. घरी येऊन वॉशिंग मशीनच्या कंपनीला फोन केला आणि उगाचच भांडले.

जाईला काल सांगितलं. तिनं अश्विनचा डावा हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला, टीव्ही बघत राहिली. मला हे सुचलं नसतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उबीला गेले होते. गाडीचं काही नव्हतं, मीच चालवत गेले. मला डेस्मंडला एक विचारायचं होतं.

कालपासून हे डोक्यातून जात नव्हतं. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तो म्हणाला होता, सरांचा हात. त्यानं काहीतरी बघितलं होतं. कदाचित सही करताना, कदाचित किल्ली देताना. जे मी इतके महिने एका घरात राहून, एका ताटात जेवून बघितलं नाही, ते या जेलवाल्यानं काउंटरपलीकडून बघितलं. मला ते ऐकायचं होतं. केव्हा दिसलं, कसं दिसलं. निदान कुणीतरी बघत होतं एवढं कळलं असतं.

मला बघून तो पांढरा पडला. बिचारा उभाच राहिला. म्हटलं, बस, भांडायला आले नाहीये. विचारलं, "त्या दिवशी तू म्हणालास, मेबी सर'स हँड. काय दिसलं होतं तुला?"

तो म्हणाला, काही नाही, मॅडम.

"काही नाही कसं? हात म्हणालास तू. हातच का?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. आणि फार प्रामाणिकपणे, मला वाटतं पहिल्यांदाच प्रामाणिकपणे, सांगितलं. पहिल्या खेपेला टायर सांगतो. दुसऱ्या खेपेला मॅट नाहीतर रस्ता. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर. "एव्हरीबडी, मॅडम. थर्ड टाइम, वी टेल एव्हरीबडी." आधीच्या गिऱ्हाइकाला तेच सांगितलं, नंतरच्यालाही तेच. सरांचा हात त्यानं कधी बघितलाच नव्हता. खूप सॉरी म्हणाला. आज म्हणाला.

मला इतका राग आला की पर्स उचलून तडक बाहेर पडले. त्याचा नाही. त्याच्यावर रागावायला मला आवडलं असतं. चार महिने त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य खरं निघालं, आणि तेसुद्धा न बघता फेकलेलं. म्हणजे कुणीच बघत नव्हतं. सासूबाईंनी पुण्याहून फोनच्या काचेतून बघितलं आणि मी त्यांच्या अंगावर गेले. बघण्याच्या जागेवर मी बसले होते आणि मी तोंड बाहेरच्या बाजूला करून भांडत होते.

गाडीत बसून रडले. पार्किंगमध्ये. एक बाई काचेवर टकटक करून विचारून गेली, ओके का म्हणून. नाही म्हटलं तिला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी फिजिओची वेळ होती. अश्विन तयार होत होता. मी रोज या वेळेला स्वयंपाकघरातून ओरडत असते, चल, आटप, किती वेळ. आज बेडरूममध्ये जाऊन पलंगावर बसले.

शर्टाची बटणं लावत होता. उजव्या हातानं बटण धरायचा, डाव्या हाताची बोटं काजं शोधायची. वरचं एक लागलं. दुसरं निसटलं, पुन्हा धरलं. माझे हात पुढे जात होते, ते मांडीखाली दाबून ठेवले. तिसरं लागायला इतका वेळ लागला की मला डेस्मंड, पीठवाला, सासूबाई, सगळे एकदा आठवून गेले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. शेवटचं बटण लागल्यावर त्यानं वर बघितलं.

"काय बघतेस?"

"तुला," म्हटलं.

"मग आता घड्याळही बघ," म्हणाला. "उशीर होतोय."

खाली जाऊन मी गाडी काढली आणि पीआयईला लागले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तो शेजारी बसून सांगत होता, आरसा बघ, इंडिकेटर दे, आता घे. मी घेतली.